चिखलातले सहा रविवार

बेल्जियमला जाऊन आलो म्हटलं की लोक आधी चॉकलेट मागतात आणि मग फोटो. चॉकलेटं आमच्या परळच्या सोसायटीत पहिल्या दोन दिवसांतच संपली. फोटो फारसे नाहीत, आणि जे आहेत त्यांत आकाश, शेत आणि माझी बायको ही तिन्ही एकाच रंगाची दिसतात. मग लोक विचारतात, "दीड महिना केलंत तरी काय?" त्याचं उत्तर जिन्यात उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसलो आहे. ज्यांना राजवाडे आणि कारंजी हवी असतील त्यांनी इथेच थांबावं. आम्ही एकही राजवाडा पाहिला नाही.

आम्ही गेलो होतो मुग्धाच्या शर्यतींसाठी. मुग्धा माझी बायको. वय त्रेचाळीस, नोकरी विमा कंपनीत. आमची इरा दोन वर्षांची असताना तिने वजन उतरवायला म्हणून सायकल घेतली. वजन सहा महिन्यांत उतरलं, सायकल मात्र उतरली नाही. पहाटे परळहून निघून नरिमन पॉइंट गाठून आठच्या आत परत, हा तिचा नेम झाला. पुढे कधीतरी तिने मोबाइलवर सायक्लोक्रॉस नावाचा प्रकार पाहिला आणि माझ्या नशिबाचा भोवरा फिरला.

सायक्लोक्रॉस म्हणजे ऐन थंडीत शेतातून, चिखलातून, वाळूतून सायकल हाकायची. जिथे हाकता येत नाही तिथे उतरायचं, सायकल खांद्यावर टाकायची आणि पळायचं. वाटेत मुद्दाम लाकडी फळ्या आडव्या लावून ठेवतात, त्याही ओलांडायच्या. आपल्याकडे असल्या गोष्टी महापालिका फुकट पुरवते, तिथे त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. मुग्धा सरावाला दादरच्या चौपाटीवर जायची. सायकल खांद्यावर घेऊन वाळूतून पळणारी बाई पाहून रोज कुणीतरी कळवळून विचारायचं, "मॅडम, पंक्चर झाली का? पुढे डाव्या हाताला दुकान आहे." सुरुवातीला ती समजावून सांगायची. नंतर नुसतं "थँक यू" म्हणून पुढे पळायची.

तीन वर्षं हे चाललं. मग गुडघा दुखायला लागला. डॉक्टरांनी एमआरआय पाहून सांगितलं, "सायकल चालवा, पण पळणं बंद करावं लागेल. अगदीच हट्ट असेल तर एक हिवाळा. त्यानंतर मी जबाबदार नाही." दवाखान्यातून बाहेर पडून आम्ही उसाचा रस घेतला. ग्लास खाली ठेवत मुग्धा म्हणाली, "सुहास, मला जिंकायचं नाहीये रे. तिथल्या बायका लहानपणापासून हेच करतात. मला फक्त एक शर्यत पूर्ण करायचीय. एक. निकालाच्या कागदावर माझ्या नावापुढे आकडा पाहिजे. शेवटचा असला तरी चालेल."

मी म्हणालो, "जाऊ या." हे मी म्हणालो होतो, याची मला पुढे वारंवार आठवण करून द्यावी लागली. तीही माझी मलाच.

ग्रीतबाईंचं घर

गावाचं नाव सांगत नाही, कारण दीड महिना राहूनही मला ते धड उच्चारता आलं नाही. फ्लँडर्सच्या सपाट मुलखातलं लहानसं गाव. एक चर्च, एक बेकरी, बटाट्याच्या तळलेल्या फोडी विकणारी एक टपरी आणि चहूबाजूंनी कोबीची शेतं. सकाळी नऊला उजाडायचं, साडेचारला दिवा लावावा लागायचा. मधल्या वेळात सूर्य होता असं गावातले लोक सांगत. मी तो मोजून चार वेळा पाहिला.

घरमालकीणबाईंचं नाव ग्रीत. सत्तरीच्या, सडसडीत, बोलायला तुटक. इंग्रजी बोलत, पण प्रत्येक शब्द आधी तपासून घेत. त्यांचा नवरा योस याच शर्यती खेळायचा आणि तीन वर्षांपूर्वी वारला. वरच्या दोन खोल्या त्या भाड्याने देत. मी गिरगावात वाढलेला माणूस. आमच्या चाळीत दार दिवसा लोटलेलंसुद्धा नसे, कुणीही आत येऊन "काय शिजतंय?" विचारायचं. इथे ग्रीतबाई स्वतःच्याच घरात वर यायच्या आधी खालून फोन करत. कॉफीला बोलावलं तर वेळ सांगत, तीन वाजता, आणि कॉफीबरोबर माणशी एक बिस्किट ठेवत. इराने पहिल्या दिवशी दुसऱ्यासाठी हात पुढे केला आणि डबा बंद झालेला पाहून तो तसाच केसांवरून फिरवला.

पण बाई मनाने मोकळ्या होत्या, हे चौथ्या दिवशी कळलं. मुग्धाने एकच सायकल आणली आहे हे ऐकून त्या थबकल्याच. "एक? एका सायकलवर कुणी शर्यत खेळत नाही." मग आम्हाला गॅरेजमध्ये नेलं आणि योसची सायकल दाखवली. तीन वर्षं चादरीखाली होती, तरी चेनला तेल ताजं होतं. योस बुटका होता, त्यामुळे सीट जराशी खाली केली की ती मुग्धाला अगदी बेताची झाली.

या शर्यतीत वाटेवर एका ठिकाणी दोऱ्या लावून जागा आखलेली असते. तिला पिट म्हणतात. सायकल चिखलाने जाम झाली किंवा मोडली, तर खेळाडू तिथे येऊन ती टाकतो आणि दुसरी घेऊन जातो. दुसरी सायकल धरून उभं राहायला घरचं माणूस लागतं. ग्रीतबाई वीस वर्षं योससाठी तशा उभ्या राहिल्या होत्या. आता मी उभा राहणार होतो. त्यांनी मला अंगणात शिकवलं. सायकल कशी धरायची, तिच्या हातात सीट आधी कशी द्यायची, उजवं पायडल वर कसं ठेवायचं. माझ्याकडून पंचवीसेक वेळा करवून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "फोन बघायचा नाही. गप्पा मारायच्या नाहीत. आणि शेवटचा खेळाडू येईपर्यंत जागा सोडायची नाही. एवढंच काम आहे." मी मान डोलावली. काम सोपं वाटलं, हे कबूल करतो.

मटाराचं सूप

शर्यती रविवारी सकाळी असत, कुणाच्या तरी शेतात नाहीतर शाळेच्या मैदानात. सगळं गाव लोटायचं. एक तंबू, त्यात बिअर आणि मटाराचं दाट सूप. सकाळी दहाला बिअर पिणारे आजोबा पाहून इरा आधी घाबरली, मग मोजायला लागली. सूपमध्ये डुकराचं मांस असायचं. मुग्धाने ते बिनतक्रार खाल्लं, इराने बाजूला काढलं. मी थर्मासमधून आमसुलाचं सार नेत असे. एका आजोबांनी ते चाखून पाहिलं आणि मला बराच वेळ सहानुभूती दाखवली.

नियम साधा होता आणि क्रूर होता. शर्यत चाळीस मिनिटांची, म्हणजे सगळ्यांत पुढच्या बाईच्या साधारण सहा फेऱ्या. ती बाई एक अख्खी फेरी मारून मागून आली आणि तिने तुम्हाला गाठलं, की पंच शिट्टी वाजवून तुम्हाला बाहेर काढतो. तुमची शर्यत संपली. निकालात नाव येतं, पुढे रेघ येते. न गाठता निभावलंत, तर उरलेली फेरी चालत काढली तरी आकडा मिळतो.

पहिल्या रविवारी मुग्धाला दुसऱ्याच फेरीत काढलं. दुसऱ्या रविवारी ती फळ्यांवर पालथी पडली, ओठ फुटला, आणि तिसऱ्या फेरीत शिट्टी वाजली. तिसऱ्या रविवारी वाळू होती. वाळूत तरी निभावेल असं वाटलं होतं, पण दादरची वाळू वेगळी आणि ही वेगळी. ही ओली, खोल, आणि तीत आधीच्या शंभर सायकलींच्या चऱ्या पडलेल्या. तिसरी फेरी, शिट्टी.

लोक हसायचे नाहीत, हे विशेष. उलट सगळ्यांत मागच्या बाईला सगळ्यांत जास्त टाळ्या. माइकवरचा माणूस त्याच्या भाषेत काहीतरी भराभर बोलायचा आणि मध्येच "मुंबाय! मुंबाय!" ओरडायचा. इरा माझ्या जॅकेटला धरून विचारायची, "बाबा, ते आईला चिडवतायत का?"

"नाही गं. प्रोत्साहन देतायत."

"मग जिंकणाऱ्या बाईला का नाही देत?"

चिडवणं परवडलं असतं. आपल्या माणसाला अनोळखी लोक दया म्हणून टाळ्या वाजवतात तेव्हा तोंड कुठे लपवावं ते कळत नाही, आणि मला ते दर रविवारी कळत नव्हतं.

घरी मुग्धा टबात बसून राहायची. पाणी काळं व्हायचं. मी दाराबाहेरून विचारायचो, "वरणभात लावू?" ती म्हणायची, "लाव." जेवताना गुडघ्यावर बर्फ बांधलेला. तिच्या आईने चिंचपोकळीहून मालिशला नारळाचं तेल दिलं होतं. ते पहिल्याच दिवशी बाटलीत दगड झालं. मग बाटली हीटरवर ठेवायची, तेल पातळ होईपर्यंत बसून राहायचं आणि मग मी पाय चोळायचे. बाहेर अंधार, आत तेलाचा वास, इरा पुस्तकात. एका संध्याकाळी ती म्हणाली, "तुला वाटतं का रे, होईल?"

"का नाही होणार?"

"असं नको. खरं सांग."

मी म्हणालो, "होईल." तिने पाय आखडून घेतला. तिला कळलं होतं.

आणि तिकडे सासूबाई. त्यांचा रोज व्हिडिओ कॉल. त्यांच्या गल्लीतल्या मंडळाने आम्ही निघायच्या आधीच फ्लेक्स लावला होता, "चिंचपोकळीची कन्या बेल्जियम गाजवणार", खाली अकरा कार्यकर्त्यांचे फोटो आणि कोपऱ्यात मुग्धाचा, लग्नातला, शालूमधला. सासूबाई विचारायच्या, "काय गो, कितवो लंबर इलो?" दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. पहिल्या दोन वेळा मुग्धाने खरं सांगितलं. तिसऱ्या वेळी फोन इराने घेतला आणि शांतपणे म्हणाली, "आजी, अजून निकाल लागला नाही." दहा वर्षांच्या मुलीने आईसाठी मारलेली ती थाप ऐकून मी स्वयंपाकघरात गेलो आणि उगाच भांडी घासत बसलो.

चौथा रविवार, पाऊस. तिसरी फेरी. पाचवा रविवार, चिखल असा की सायकल चालेना, खेचावी लागली. पुन्हा तिसरी फेरी. त्या दिवशी शर्यतीनंतर गाड्याही रुतल्या. गाड्या लावायला दिलेलं मैदान चिखलात बुडालं होतं. सगळे एकदम निघाले आणि सगळेच अडकले. शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणून एकेक गाडी ओढून काढली. आम्ही आमच्या भाड्याच्या चिमुकल्या गाडीत दोन तास बसून होतो. मागच्या सीटवर मुग्धा ओल्या कपड्यांत, दात वाजताहेत. मी मनाशी ठरवलं, पुढच्या वेळी हे होऊ द्यायचं नाही.

शेवटचा रविवार

सहाव्या रविवारी सकाळी उठलो तर सगळं पांढरं. बर्फ पडला नव्हता, पण दव गोठलं होतं. गवताची काडी काडी उभी, पायाखाली कुरकुर वाजणारी. जमीन लोखंडासारखी. ग्रीतबाई आज आमच्याबरोबर आल्या. गळ्यात योसची जुनी गाईची घंटा, वाजवायला.

चिखल नाही म्हटल्यावर मुग्धाचा चेहरा बदलला. गोठलेल्या चऱ्या, उंचवटे, खड्डे. तिथल्या बायका जपून उतरत होत्या, ही मात्र सुसाट. खड्ड्यातून सायकल कशी काढायची हे मुंबईच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. पहिल्या फेरीत ती पिटसमोरून गेली तेव्हा तिच्या मागे दोघी होत्या. मागे! इरा उड्या मारत ओरडली, "आई, दोन जणी मागे आहेत!" दुसऱ्या फेरीलाही त्या मागेच होत्या. ग्रीतबाई घंटा थांबवून म्हणाल्या, "आज ती चांगली चालली आहे."

मी ते शिष्टाचार म्हणून घेतलं. ग्रीतबाई शिष्टाचार पाळणाऱ्या नव्हेत, हे दीड महिन्यात एव्हाना मला माहीत असायला हवं होतं.

तिसऱ्या फेरीला ती पिटवरून गेली. मी घड्याळ पाहिलं. सगळ्यांत पुढची बाई फेरी मारून मागून येत होती; अजून बरंच अंतर होतं, पण दर फेरीला ती मुग्धाच्या जवळ सरकत होती. मी मनात हिशेब केला. चौथ्या फेरीत, फार तर पाचवीच्या सुरुवातीला शिट्टी. तेवढ्यात मैदानाकडे नजर गेली. ऊन पडलं होतं. आता जमीन सुटणार, पुन्हा चिखल, पुन्हा ट्रॅक्टर.

इथे माझ्या घराण्याविषयी सांगायला हवं. माझे वडील आम्हाला गिरगावातून दादरला नाटकाला न्यायचे आणि शेवटच्या अंकातली शेवटची दहा मिनिटं राहिली की उठवायचे. "चला, गर्दीच्या आधी निघू. मग टॅक्सी मिळत नाही." आम्ही अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर पडायचो. लहानपणी पाहिलेल्या एकाही नाटकाचा शेवट मला ठाऊक नाही. लग्नात पहिल्या पंगतीला जेवून आम्ही वरात यायच्या आत घरी. याला आमच्याकडे शहाणपण म्हणत, आणि तो शहाणपणा मी पुरेपूर उचलला आहे.

आमची गाडी लहान. दोन्ही चाकं काढल्याशिवाय सायकल मागे बसत नसे. मला वाटलं, ही एक भरून ठेवली, तर मुग्धा बाहेर आली की तिचीच तेवढी राहील. पाच मिनिटांत निघता येईल. ती गारठायची नाही. खरंच, मी तिच्यासाठीच करतोय असंच मला वाटत होतं. मी योसची सायकल उचलली.

इरा म्हणाली, "बाबा, आईची अजून चालू आहे ना?"

"होतच आलंय. शिट्टी वाजेलच आता. चल, चाकं धरायला ये."

ती आली. तिला मी नेलं, हेही लिहून ठेवतो.

ग्रीतबाई तेव्हा शेवटच्या रेषेकडे गेल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं नाही. मी चाकं काढली, हँडल वाकडं केलं, सायकल चादरीत गुंडाळून मागे कोंबली, वर ओल्या कपड्यांची पिशवी ठेवली. माइकवरचा माणूस ओरडत होता. "मुंबाय" ऐकू आलं. नेहमीसारखंच निरोपाचं असेल असं वाटलं. नंतर कळलं की पहिली बाई चौथ्या फेरीत दवावरून घसरून पडली होती आणि तिचं दीड मिनिट गेलं होतं. मुग्धाने पाचवी फेरी सुरू केली होती आणि अजून तिला कुणी गाठलं नव्हतं. शेवटच्या फेरीची घंटा होऊन त्या पहिल्या बाईची सहावी फेरी लागली होती. तिने गाठायच्या आत मुग्धाने एकदा रेषा ओलांडायची, एवढंच उरलं होतं; पुढची फेरी चालत काढली तरी आकडा मिळणार होता. अर्धी फेरी. सगळं मैदान ते पाहत होतं. आम्ही दोघं सोडून.

आम्ही जॅकेट आणि थर्मास घेऊन रमतगमत परत आलो. पिटच्या जवळ पोचलो आणि समोरून मुग्धा येताना दिसली. पळत. सायकल खांद्यावर. गोठलेल्या चरीत आपटून मागचा गिअर तुटला होता आणि चेन चाकात जाऊन बसली होती. ती लंगडत पळत होती, पण चेहरा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता इतका उजळलेला. लांबूनच ओरडली, "सायकल! सुहास, सायकल दे!"

ती पिटमध्ये शिरली. मोडकी सायकल तिने खांद्यावरून टाकली आणि दोन्ही हात पुढे केले. ग्रीतबाईंनी मला शिकवलं होतं, या हातांत सीट आधी द्यायची. माझ्या हातात थर्मास होता.

"कुठाय?"

"गाडीत," मी म्हणालो. "चाकं काढली."

तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, तेवढा वेळ नव्हताच तिच्याकडे. म्हणाली, "बरं." मग वाकून ती मोडकी सायकल पुन्हा खांद्यावर घेतली आणि पळत सुटली.

मी दोरीच्या बाहेरून तिच्याबरोबर पळत गेलो. काय उपयोग होता माहीत नाही. पुढे लाकडी पायऱ्या होत्या, त्या ती चढली. उतारावर तिचा गुडघा दोनदा मुडपला. टाळ्या थांबल्या होत्या, लोक दोरीला चिकटून नुसते बघत होते. रेषा दिसायला लागली. पन्नासेक पावलं राहिली असतील. मागून पहिली बाई आली, डोकं खाली घालून, तिला बिचारीला काय माहीत. ती बाजूने निघून गेली. पंचाने शिट्टी वाजवली नाही. तो चालत पुढे आला, मुग्धाच्या पाठीवर हात ठेवला आणि तिच्या खांद्यावरची सायकल उतरवून घेतली.

त्या दिवशी मैदान दगडासारखं राहिलं. एकही गाडी रुतली नाही.

निकालाचा कागद तंबूच्या दाराला लावला होता. इराने जवळ जाऊन वाचला. दोन जणी मुग्धाच्या मागे होत्या ना, त्यांना आधीच काढलं होतं. तिघींच्या नावांपुढे रेघा होत्या. इरा परत आली आणि आईच्या कुशीत घुसली. मुग्धा सूप पीत होती. मी म्हणालो, "मुग्धा, मी..." ती म्हणाली, "सूप घे, गरम आहे."

परतताना गाडीत ग्रीतबाई पुढे बसल्या. मागे चादरीत गुंडाळलेली सायकल त्यांनी पाहिली. घरी पोचल्यावर मी चाकं बसवत होतो तेव्हा गॅरेजच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ती तुझ्याशी भांडली?"

"नाही."

"योस माझ्याशी आठ दिवस बोलला नव्हता. एकदा मी चाकाची हवा तपासायची विसरले म्हणून." मग म्हणाल्या, "तुझी बोलते आहे?"

"हो. नेहमीसारखी."

त्यांनी मान हलवली, चादर घडी करून माझ्या हातात दिली आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान होतं. आमच्याकडे अख्खी सकाळ मोकळी होती.

चिंचपोकळी

येऊन आता दोन महिने झाले. मुग्धा ऑफिसला जाते, संध्याकाळी गुडघ्याचे व्यायाम करते. डॉक्टरांनी पळणं बंद केलं आहे, आणि तिने त्यांच्याशी वाद घातला नाही. सायकल गॅलरीत आहे. गिअर अजून तुटलेलाच आहे. मी दोनदा म्हणालो, "बदलून आणू का?" ती म्हणाली, "बघू. घाई काय आहे?" ती हसते, माझ्या डब्यात भाजी भरते, मला आधीसारखीच हाक मारते. मी वाट पाहतो आहे की एके दिवशी ती ओरडेल, एखादं भांडं आपटेल. ती आपटत नाही. कधी बोलता बोलता माझ्या तोंडून "होईल गं" निघालं की तिचा चेहरा क्षणभर सभ्य होतो, परक्या माणसाशी बोलताना होतो तसा. वीस वर्षांच्या संसारात तो चेहरा मी पहिल्यांदा पाहतो आहे.

मागच्या रविवारी सासूबाईंकडे जेवायला गेलो होतो. बांगड्याचं तिखलं, सोलकढी, भात. शेजारच्या दोघीतिघी मुद्दाम येऊन बसल्या होत्या, मुलगी परदेशात जाऊन आली म्हणून. सासूबाईंनी इतके दिवस विचारलं नव्हतं, पण बायकांसमोर त्यांना राहवेना.

"मगे शेवटी झाला काय गो? पुरी केलंस मा एकतरी?"

"नाही गं आई," मुग्धा म्हणाली. "शेवटच्या दिवशी होणारच होती. अगदी थोडी राहिली होती. सायकलच मोडली."

"अरे देवा! मोडली? थंय माणसां दोन दोन सायकली ठेवतत म्हणत होतंस मा फोनार? मगे दुसरी नाय हुती?"

इरा माझ्या समोर बसली होती. तिने वर पाहिलं, आईकडे नाही, माझ्याकडे.

"नव्हती," मुग्धा म्हणाली, आणि माझ्या ताटात भात वाढला.